बारा एकरांवर पाणी

हा चर तातोनं खणला, मी सात वर्षांची असताना.
म्हणजे खणला लिओन्स देझार्लेनं, पिवळ्या यंत्रानं;
तातो नुसता काठावर उभा होता
टोपी मागे सारून,
लग्नघरातल्या यजमानासारखा.

हिमनद्या माघारी जाताना
सस्काचेवानच्या ह्या मैदानावर वाट्या विसरून गेल्या.
आमच्या वाटणीला आली ती उथळ,
ऑगस्टात आटणारी, तळाशी पांढरं मीठ.
तातो तिला पाण्यात पाहायचा.
तिच्यामुळे पेरणीयंत्र दरवेळी वळवावं लागे,
वळणावर बी दुप्पट पडे, डिझेल जळे,
आणि शेजारचा होलोवाटी
सरळ रेघेत पेरत निघून जाई.

आठवड्यात पाणी गेलं.
चिखलात एक टिबुकली राहिली, पाय फाकून.
तिला जमिनीवर धड चालता येत नाही,
पाण्यावरून धावल्याशिवाय उडता येत नाही.
दप्तर रिकामं करून मी तिला
पुढच्या तळ्यावर नेली.
तिनं माझी करंगळी फोडली.
पुढच्या वर्षी तिथेही गहू होता.

गहू बरा यायचा. खोटं कशाला बोलू?
माझी शाळा, दात, आईचं ऑपरेशन,
सगळं त्याच वाटीतून निघालं.

सहीच्या दिवशी वकिलानं चष्मा काढला.
कायमचं? म्हणजे ह्या बारा एकरांवर
तुम्ही पाणी सोडताय?
हो, म्हटलं. तेच तर.

लिओन्स आता एकाहत्तरचा.
फोनवर त्यानं दोनदा विचारलं: बुजवायला?
मग हसला. तेव्हा ताशी चाळीस डॉलर घेतले,
आता दीडशे घेईन.
यंत्र बंद करून, थर्मासमधला चहा ओतताना म्हणाला,
माझी आई इथे पाणउंदरांचे सापळे लावायची.
तू कधी बोलला नाहीस, मी म्हटलं.
मला खणायला बोलावलं होतं, तो म्हणाला,
बोलायला नाही.

खणायला आठवडा; बुजवायला एक दुपार.
चाळीस पावलं चिकणमाती, वरून गवताचं बी.

पहिल्या वर्षी बर्फच पडलं नाही.
काटेरी झुडपं आली, डास आले.
सहकारी दुकानात होलोवाटी सगळ्यांदेखत म्हणाला,
काय दारका, डासांची शेती?
मी खिळ्यांचे पैसे दिले आणि निघाले.
रात्री वाटलं, तातोच बरोबर असेल.

दुसऱ्या एप्रिलला वितळलेलं पाणी
चरापाशी आलं, थबकलं,
आणि मागे वळून पसरू लागलं.
जूनमध्ये लव्हाळं. कुणी लावलेलं नाही.
छत्तीस वर्षं त्याचं बी गव्हाच्या मुळांखाली पडून;
तळं गेल्याचं
त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

आधी आला चांदवा, एकटा, चिडका,
कपाळावर पांढरा शिक्का मारलेला,
जणू जागेचे कागद त्याच्याच नावावर.
मग थापटे, फावड्याएवढ्या चोची घेऊन.
मग दक्षिणेहून सरग्यांची जोडी:
तीन घिरट्या घातल्या, निघून गेली,
अंधार पडता पडता परत आली.
उचाट्या एकच दिवस थांबला.
टिबुकली अजून नाही.
डिझेलच्या पावतीमागे मी मोजते:
सतरा, एकोणीस, पुन्हा सतरा.

तातो वृद्धाश्रमात आहे. त्याला सांगितलेलं नाही.
रविवारी फोनवर तो आधी हवामान विचारतो,
मग तेच:
चर वाहतोय ना? उतरलं का पाणी?
माझ्यासमोर खिडकीत
सात थापटे पाय पुढे करून
पाण्यावर रेघा ओढत येतात.
उतरले, मी म्हणते.
त्याला आता मात्रा ऐकू येत नाहीत.
बरं झालं, म्हणतो.

मे महिना. पेरणीयंत्र वळवते.
वळणावर बी दुप्पट पडतं,
डिझेल जळतं, तोंडातून तातोचीच शिवी निघते.
काठच्या गवतात सरग्याची मादी
अंड्यांवर बसलेली, हलत नाही.

मी आणखी चार हात बाहेरून घेते.