सराफ्यात, दुकान मिटताना

देपालपूरच्या हरभऱ्यात पडलेला दगड
भय्यामामानं कसोटीवर घासला.
काळ्यावर काळं, रेघ उमटेना.
"सोनं नाही गं." तरी सवयीनं तोलला:
अकरा ग्रॅम, वर गुंजभर.

"घासलेटाचा वास येतोय."
कार्बन आहे, मी म्हटलं. साखरही, किंचित,
सूर्य नवा होता तेव्हाची.
"साखर?"
जीभ लावणारच होता, मी मनगट धरलं.

बाहेर पायरीवर जिलबीची कढई चढली.
मामानं तराजूवर फुंकर मारली,
उरलेली काळी भुकटी फरशीवर गेली
आणि झारेकऱ्यांच्या शेवंताबाईनं
दिवसभराच्या धुळीसकट ती कुंच्यानं भरून घेतली.

उद्या परातीत धुवेल.
सोनं खाली बसेल.
हलकं ते सगळं
खान नदीत.