साधारण झीज वगळता

शिवाजीनगर कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून
बिडकरांचं टेबल. करार त्यांच्याकडे तयारच असतो,
नावं तेवढी बदलायची.
‘सदनिका की दुकान?’ वर न बघता त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, घोडी.

मग वर बघितलं.

तेरा वर्षांची, कुमाईत, नाव जायफळ.
माझा उजवा गुडघा आता स्टीलचा आहे
आणि नुसत्या उभ्या घोडीच्या पायांत पाणी उतरतं.
म्हणून मांजरीच्या रोहिदास हरपळ्यांना, अकरा महिने.
राइडिंग स्कूल आहे त्यांचं. माणूस बरा आहे.
‘बरा आहे म्हणूनच लिहून घ्यायचं,’ अ‍ॅडव्होकेट तांबोळी म्हणाल्या,
‘वाईट माणसाशी तुम्ही व्यवहारच केला नसता.’

बिडकरांनी सदनिकेचा मसुदा उघडला.
चतुःसीमा?
मी सांगितल्या:
पूर्वेस फटाके,
पश्चिमेस वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री,
दक्षिणेस न सांगता मागून येणारं माणूस,
उत्तरेस मी.
त्यांनी टाइप केलं नाही.

कलम सात: भाडेकरूने भिंतीत खिळे ठोकू नयेत.
अहो, हिला दर सहा आठवड्यांनी ठोकावेच लागतात,
चार पायांत मिळून अठ्ठावीस,
आणि नालबंद आमचाच हवा, घोरपडीचा युसूफ.
खर्च हरपळ्यांचा.

तांबोळी मॅडम बोलत राहिल्या, बिडकरांची बोटं पळत राहिली.
पोटभाडेकरू ठेवता येणार नाही,
म्हणजे वरातीला द्यायची नाही, सख्ख्या भाच्याच्या असली तरी.
सत्तर किलोंवर कुणी बसणार नाही.
पोटशूळ उठला तर आधी डॉक्टर, मग मला फोन,
माझा फोन लागेना म्हणून सुई थांबणार नाही.
कुणी पडलं, हात मोडला, तर दावा लिहून देणारीवर नाही,
आणि आलाच, तर त्याचा खर्च लिहून घेणाऱ्याचा.
शिंगरू झालं तर ते माझं.
मी हसले. त्या हसल्या नाहीत.
‘आणि मेली तर?’
पाण्याच्या बिलाबद्दल विचारावं तशा आवाजात.
मी एक आकडा सांगितला.
‘बाजारभाव सांगा.’
मला येईना. मग त्यांनीच घातला.
बराच कमी होता. बरोबर असावा.

जंगम मालमत्ता, असं लिहिलंय तिला.
एवढ्या कागदात तो एक शब्द
चार पायांवर उभा होता.

‘मुदत संपल्यावर, साधारण झीज वगळता,
ताब्यात दिली त्या स्थितीत परत.’
घराच्या बाबतीत समजतं. भिंतीचा रंग, नळाचा वायसर.
हिच्यात काय धरायचं?
दुसऱ्या कुणाच्या पावलांना कान टवकारणं
झिजेत येतं, की नुकसानीत?
विचारलं नाही. मागे रांग होती.

पहिल्या प्रतीत हरपळेचं हरपले झालं.
‘सदर घोडी हरपले यांच्या ताब्यात.’
पाचशेचा स्टॅम्प वाया. दुसरा मीच आणला,
संचेती पुलाखालून, लंगडत,
आणि पहिला फाडा म्हणाले तर पर्समध्ये ठेवला.

शनिवारी सकाळी टेम्पो आला.
हरपळ्यांसमोर फोटो काढले, सांगितल्याप्रमाणे, तारखेसकट:
गुडघ्याखालची तारेची खूण,
पाठीवर खोगिरानं पांढरे झालेले केस,
ते माझेच पाप.
प्रत्येक पानावर सही. साक्षीदार, युसूफ आणि पाणीवाला.

फळीवर तिनं दोन पाय ठेवले, तिसरा ठेवला.
आणि माझी जीभ टाळ्याला लागून
टक् वाजली. सवयीनं. मुद्दाम नव्हे.
ती आख्खी मागे आली, फळी कलली,
हरपळ्यांचा कासरा हातातून सुटला.

त्यांनी तो शांतपणे उचलला. तिच्या मानेवर थोपटलं.
म्हणाले, ‘ताई, करारात नाहीये,
पण तेवढं करू नका.’