एक ठोका

सोप्यावरून नेहमीसारखी उडी मारली तिने
आणि खाली पोचली ती अर्धीच.
पुढचे पाय गेटकडे निघाले होते,
मागचे दोन दुसऱ्याच कुणा कुत्रीचे.

नाव दुधी. लांब, बुटकी, मधे किंचित वाकडी;
बाजारात असा दुधी कोणी हातात घेणार नाही.

फोंड्याच्या डॉक्टर फातर्पेकरांनी तिचा मागचा पंजा
फरशीवर पालथा ठेवला
आणि वाट बघितली.
चांगलं असतं तर कुत्रं लगेच सरळ करतं, म्हणाले.
आम्ही तिघंही त्या पायाकडे बघत राहिलो.
पाय तसाच.
"सहा आठवडे. उडी नाही, पायरी नाही, धावणं नाही.
मुतायलासुद्धा आधार देऊन न्यायचं."
मी विचारलं, आणि औषध?
"गोळ्या दुखण्यावर. बरं व्हायला हेच."

तीस वर्षं कदंबच्या गाडीत उभा होतो मी,
फोंडा–पणजी, पणजी–फोंडा,
तोंडात एकच: फुडें सरात, फुडें सरात.
दोरी दोनदा ओढली की चल,
एकदा ओढली की थांब.
दोन ठोके लाखांनी दिले असतील.
एकाचा हिशेब कधी ठेवला नाही.

उल्हासच्या बारमधून बियरचे रिकामे क्रेट आणले,
भिंत रचली, मधे घोंगडी.
क्रेटच्या भोकांतून ती माझ्याकडे बघते,
विनातिकीट पकडलेलं पोर बघतं तशी.
गोळ्यांचे तुकडे तिकिटांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत:
पाचाच्या खणात सकाळची, दहाच्या खणात रात्रीची.
पोटाखाली पंच्याचा झोळ घालून
दिवसातून पाच वेळा माडाच्या मुळाशी.
पुढून ती चालते, मागून मी तिला चालतो.
शेवंतीबाय कुंपणावरून म्हणते, निघाली पालखी.

कठीण असतात संध्याकाळचे पाच.
इनास पोदेर वळणावर येतो,
प्यां-पों,
आणि क्रेट हलतात.
ती उठू बघते. कळ तिच्या पाठीत उठते,
दात मी आवळतो.
चौथ्या दिवशी बाहेर जाऊन सायकल अडवली.
सांगताना लाज वाटली,
कुत्रीसाठी भोंपू बंद ठेव म्हणणारा माणूस.
त्याने टोपलीवरचं निळं प्लास्टिक सारखं केलं,
दोन पोया दिल्या,
बोलला काहीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाड्यावर पाव मुका झाला.
अर्ध्या घरांचा चुकला.
नाईकांच्या सुनेने माझ्या नावाने भांडी आपटली.
मग पाचला लोक आपापल्या पायरीवर येऊ लागले,
मुठीत नाणी,
सायकलच्या चेनीचा आवाज ऐकत.
चेनीला आवाज असतो. इतकी वर्षं
माझ्या कानावर आला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात चटई क्रेटशेजारी टाकली.
काहीही न करणं हे एवढं अंगमेहनतीचं काम,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
ती उसासा टाकते. मी कूस बदलतो.
ती बदलू शकत नाही, म्हणून परत तसाच होतो.

रोज रात्री पंजा पालथा ठेवून बघतो.
पालथाच राहतो.
मग मीच हळूच सरळ करतो,
माझ्याच हातून चुकून झाल्यासारखं दाखवून.

काल, एकतिसाव्या रात्री,
ठेवला
आणि चष्मा शोधायला वळलो.
परत बघितलं तर सरळ.
म्हटलं, सवयीने मीच केला असेल.
पुन्हा पालथा ठेवला.
फरशीवर नखं घासली.
एवढासाच आवाज.

दुधी उठायला निघाली, सगळीच्या सगळी.
मी पाठीवर हात ठेवला,
एकदाच थोपटलं.
थांब.
अजून अकरा दिवस आहेत.