दिसायला नको

कळंब्याकडं वळताना डाव्या हाताला,
तिसरा मजला, तीनशे दोन.
बाकी इमारत अजून उघडी, सळ्या वर काढून उभी,
आणि मधोमध हे एकच घर
पावडर लावून बसलेलं.

ते सजवायचं काम माझं.
बिल्डरचं म्हणणं एका ओळीत मावतं:
सगळं आपोआप व्हायला पाहिजे,
पण यंत्र म्हणून काही दिसायला नको.

म्हणून दिलावर शिकलगार आणि मी
चार दिवस लपवालपवी करतो.
स्पीकर जातो पितळी डब्यांच्या मागं,
पडद्याची मोटर पेलमेटच्या पोटात,
दाराचा डोळा इतका बारीक
की चौकटीतला खिळा वाटावा.
वायर भिंतीत गाडून, वर पुट्टी मारून
दिलावर अंगठ्यानं चाचपतो,
हाडवैद्यानं बसवलेलं हाड बघावं तसा.
म्हणतो, "झाकलं बगा ताई.
आता घरालाबी ठावं न्हाई."

टेबलावर मी काहीच ठेवत नाही.
म्हणजे, एक वाटी. वाटीत तीन लिंबं.
खरी. प्लास्टिकच्याला वास नसतो
आणि बायका वास घेऊन बघतात.
चार्जर नाही, गोळ्यांची पाकिटं नाहीत,
खुर्चीच्या पाठीवर टॉवेल नाही.
रिकामपणाला किती पैसे पडतात
ते या धंद्यात आल्यावर कळलं.

रविवारी माणसं येतात.
राहू द्या म्हटलं तरी दारात चपला काढतात,
आणि हळू बोलतात,
आत कुणी निजलंय अशा बेतानं.

नेर्लेकर आले. उद्यमनगरात बत्तीस वर्षं फौंड्री,
कान गेलेले, बोटं शाबूत.
हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि दिवा लागला.
ते थांबले. एक पाऊल मागं झाले.
दिवा राहिला.
मग भिंतीवर तळवा फिरवत बटण शोधू लागले,
ओतीव लोखंडातली पोकळी शोधावी तसे.
"लावला कुणी?" मोठ्यानं विचारलं.
मी म्हटलं, तुम्हीच.
ऐकू आलं नसावं.
पुढच्या भिंतीकडं गेले.

शालनबाई स्वयंपाकघरात.
त्यांनी एकेक कप्पा उघडला,
वर्षाची चटणी कुठल्यात बसंल ते बघत,
आणि खालच्यात खांद्यापर्यंत हात घालून
हिरवा डोळा मिचकावणारी पेटी बाहेर काढली.
"हे काय?"
घराचा मेंदू, मी म्हटलं. फार जागा खात नाही.
त्यांनी ती उलटी करून पाहिली,
पदरानं पुसली,
तोंड भिंतीकडं करून परत ठेवली.
"असू दे. खरं हितं माझी बरणी ऱ्हाणार."

सहाला सगळे गेले.
उशा थोपटून झाल्यावर मी टेकले,
ज्या सोफ्यावर बसायचं नसतं त्याच्यावर.
दहा मिनिटं हलले नाही.
घरानं पाहिलं, मोजलं,
आणि कुणी नाही असं ठरवून
दिवा मालवला.

खाली वॉचमनच्या चुलीवर फोडणी तडतडली.
रस्त्यावर ट्रॅक्टर, त्याच्यावर कुणाची तरी वरात.
माझ्या फुलेवाडीच्या जिन्यातलं बटण
तीनदा दाबलं तर एकदा लागतं.
मी चाचपडत वर चढते,
सासरे आतून रोज ओरडतात, "कोण हाय?"
आणि मी रोज सांगते, मीच.

इथं कुणी विचारत नाही.
हात वर केला असता तरी भागलं असतं,
बोट हललं तरी चालतं, दिलावर सांगतो.
मी नाही हलवलं.
लिंबांचा वास उजेडात येत नव्हता इतका
आता येत होता.

शेवटी उठले ते बसची वेळ झाली म्हणून.
जाता जाता वाटीतलं एक
पिशवीत टाकलं,
सासऱ्यांना सरबत होईल,
आणि नेमका तेव्हाच
लख्ख दिवा लागला.