मिनिटभर मोजा

रात्रपाळीला टेबलावर तीनच वस्तू:
फोन, वही,
आणि सेकंदकाट्याचं जुनं घड्याळ.
क्लाक्सविकच्या खाडीत वारा शिट्ट्या घालतोय
आणि पलीकडच्या बेटावरून तुरीद विचारते,
"साधं आहे की गंभीर? एवढंच सांगा."

एवढंच.
जणू माझ्याकडे तराजू आहे,
एका पारड्यात तिची पाच महिन्यांची रानवा,
दुसऱ्यात हेलिकॉप्टर.

ताप किती, ते तिनं दोनदा सांगितलं, दशांशासकट.
असू दे, म्हटलं. पोर कशी आहे?
ती गोंधळली.
पहिलटकरणीला कसं सांगता यावं,
तिनं ही पोर धडधाकट तरी
अशी किती दिवस पाहिलीय?

मग फोन हायनीनं घेतला.
मेंढ्या राखतो तो, उभ्या कड्यावर.
"कोकराचं असतं तर सांगितलं असतं,"
म्हणाला, ओशाळून.
सांगा ना. कोकरात काय बघता?

थोडा थांबला.
"आचळाला येतं का.
हाकेला कान हलतो का.
पोटाचा भाता कसा चालतोय.
आणि कळपापासून लांब,
वाऱ्याकडे पाठ करून गप्प उभं राहिलं,
तर मग मी सकाळची वाट बघत नाही."

तेच बघा, म्हटलं. दिवा लावा, झबलं वर करा.
पोट उचललं की एक.
पुरतं मिनिटभर मोजा, अर्धं मोजून दुप्पट करू नका,
बाळं श्वास घ्यायला मध्येच विसरतात
आणि मग धावत गाठतात.

तो मोठ्यानं मोजत गेला,
फाटकातून मेंढ्या सोडताना मोजतात त्या सुरात.
चव्वेचाळीस.
बरगड्यांखाली खळगा पडत नाही. लंगोट ओला.
तिनं माझी दाढी धरलीय,
हे त्यानं न विचारता सांगितलं.
त्या दाढीवर मी रात्रीचा निम्मा निर्णय ठेवला.

थांबू या. तीन वाजता फोन करा.
काही वेगळं वाटलं तर आधीच.
वेगळं म्हणजे काय, ते मला इथून दिसायचं नाही.

बावीस वर्षं मी 'थांबू या' म्हणतेय,
आणि दर वेळी कॉफी गार होते.

तीनला दहा कमी. तुरीद. आवाज हलका झालेला.
"रडायची थांबली हो. शांत पडलीय.
उगाच तुम्हाला त्रास दिला."
मागून हायनी: "शांत नाही ती."
मग बराच वेळ नुसता वारा.
"गप्प आहे."

मोजा.
बासष्ट.
खळगा? बोट बुडेल इतका.
दूध ओठांच्या कडेनं ओघळतंय.
दाढी जवळ नेली, हात उठला नाही.

मी दुसरा फोन उचलला.
वैमानिकानं वाऱ्याला एक शिवी हासडली
आणि निघाला.

पुढचं वहीत एका ओळीत मावलंय:
तोर्शाव्हन, ऑक्सिजन, नऊ दिवस, घरी.
हायनीनं लॅम्प-पोस्टखाली उभं राहून
हेलिकॉप्टरला टॉर्च दाखवला, तो वहीत नाही.
तुरीद त्या नऊ दिवसांत एकदाच रडली,
'मला बरं वाटलं होतं' म्हणत,
तेही नाही.

परवा मध्यरात्री पुन्हा तिचाच फोन.
"खोकतेय. अंग गरम आहे,
किती ते अजून बघितलं नाही.
पण चमचा तीनदा फेकला,
उचलून दिला की हसते.
श्वास अडतीस. हायनी झोपलाय.
आम्ही येत नाही. फक्त सांगितलं."

बरं, म्हटलं. पहाटे परत मोजा.

"मोजणारच की,"
म्हणाली,
आणि माझ्याआधी तिनं फोन ठेवला.