रकाना

रविवारी, सुकती लागली की
आम्ही सांतिनेजच्या खाडीत उतरतो,
गुडघाभर चिखलात.

काठावर इर्मिना, वही घेऊन:
गादी एक. बाटल्या चौदा गोणी. हेल्मेट.
देवाची तसबीर, काच फुटलेली –
ती कुणी पोत्यात टाकेना.
शाणूने माडाच्या बुंध्याशी टेकवली.

मग माझ्या हाताला लागलं
शिवणयंत्राचं चाक.
गंजलेलं, पण मी बांधलेली तार तशीच.
दुकान बंद केलं त्या साली,
चवथीच्या आदल्या रात्री
पुलावरून सोडलं होतं.
पाणी वाजलंसुद्धा नाही, इतका कचरा.

"कुठून आलं?" इर्मिनाचा हा रकाना
नेहमी कोराच राहतो.
मी नाव सांगितलं.
आडनावासकट.

तिने लिहून घेतलं, वर न बघता.
भरतीला अजून तासभर होता.