कोरडी

जळगावच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर
राष्ट्रीय भूजल दफ्तराचा मसुदा वाचायला बसलो आम्ही सात जण.
भिंतीवर तक्ता उजळला, एकवीस रकान्यांचा:
अक्षांश, रेखांश, काठाची उंची, तारीख,
जमिनीखाली पाणी किती मीटरवर.
कागद उडायला लागले म्हणून कुणीतरी पंखा एकवर आणला.

माझ्यापुढे धुडकू कोळींच्या नऊ वह्या.
पहिलीला खताच्या गोणीचं आवरण, सुतळीनं शिवलेलं.
एकोणऐंशी सालापासून वर्षातून चारदा
ते सातपुड्याच्या पायथ्याला हिवरखोऱ्याच्या विहिरीवर गेले,
सायकलच्या दांडीला फीत, खिशात खडू.
फितीच्या टोकाला खडू घासायचा,
आत सोडायची, ओढून घ्यायची,
ओला खडू जे सांगेल ते लिहायचं.
एवढंच शास्त्र.

जानेवारी: सहा पूर्णांक दोन.
मार्च: नऊ.
मे: मोजलं नाही. काठावर मधमाशा.
ऑक्टोबर: चार. पलीकडून मोजलं, अलीकडे पारवी अंड्यांवर.

आणि एका पानावर आडवं:
काठ ढासळला. नवा बांधला, दोन वीत उंच.
मागचं सगळं दोन वीत धरून वाचणे.

कुणाची वीत? साहेबांनी विचारलं.
हसले नाहीत, खरंच विचारलं.
म्हणून मी शनिवारी चोपड्याची बस धरली.
धुडकूबाबांनी खाटेवर बसून हात पसरला,
मी पट्टी लावली: एकवीस सेंटिमीटर.
म्हातारपणी वीत आखडते का,
हे कुठल्या रकान्यात विचारायचं?

येताना वाटेत दोन्ही बाजूंना केळी,
आणि बोअर: दोनशे फूट, चारशे,
परवा झालेली सातशेची, गाडी अजून धुळीत उभी.
त्यांच्या वह्या ठेवायला
कुणी सायकलवर निघालं नाही.

सातव्या वहीपासून मे महिन्यापुढे एकच शब्द येतो: कोरडी.
मग मार्चपुढेही.
अक्षर दर वर्षी थोडं मोठं.

तालुक्याला ज्या पोरानं हे संगणकात भरलं
त्याचा दोष नाही. रकाना फक्त आकडे घेत होता.
त्यानं शून्य भरलं.
शून्य म्हणजे जमिनीखाली शून्य मीटर,
म्हणजे काठोकाठ, म्हणजे वाकून ओंजळ भरावी.
नकाशावर हिवरखोरं निळं झालं,
सगळ्या जिल्ह्यात सर्वांत गडद निळं,
आणि पडद्यावरच्या बाई दिल्लीहून म्हणाल्या,
इथे काहीतरी छान घडलेलं दिसतंय.

मी बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ
नखातली माती काढत राहिले.
मग म्हणाले, “इहीरमा पानी नही शे. पन इहीर शे ना.”
मी विचारलं, कोरडी आहे हे ठाऊक असताना
फीत कशाला सोडायचात दर खेपेला?
“कोरडी म्हनाले बी फीत सोडनी पडस, ताई.”
टोक तळाला टेकतं, फीत ढिली पडते,
तेवढं बोटाला कळायला हवं.

मसुद्यात मी दोन सूचना लिहिल्या.
एक: कोरडी आणि मोजलं नाही, यांना वेगळी खूण,
आणि दोन्हींपैकी एकही शून्य नाही.
दुसरी: बाविसावा रकाना, शेरा.
पहिली मंजूर झाली, टाळ्याबिळ्या न वाजता.
दुसरी पण झाली. मर्यादा: वीस अक्षरं.

घरी येऊन मोजत बसले.
काठावर मधमाशा: बसतात.
पारवी अंड्यांवर: बसते.
मागचं सगळं दोन वीत धरून वाचणे: बसत नाही.

टेबलावर मी माझाच हात पसरला,
पट्टी शेजारी.
दीड सेंटिमीटर कमी भरला.